जुनी मोटार आणि निगेचा धर्म

वस्तु जुनी झाली म्हणजे तिच्याशीं वागण्याचे तीन मार्ग मनुष्याला मोकळे असतात. ती टाकून देऊन नवी आणावी. ती जपून ठेवून केवळ पाहण्यापुरती उरवावी. किंवा ती दुरुस्त करीत करीत रोजच्या कामाला जुंपावी. यांपैकीं पहिला मार्ग ऐपतीचा समजला जातो, दुसरा हौसेचा, आणि तिसरा अडचणीचा. छत्री, कंदील, शिवणयंत्र यांच्या बाबतींत कोणीं कोणता मार्ग घ्यावा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. मोटारीची गोष्ट मात्र निराळी. ती एकाच्या मालकीची असली तरी तिचा धूर, तिचा आवाज आणि तिच्या ब्रेकांचा भरंवसा या तीन गोष्टी सार्वजनिक असतात. म्हणून जुनी मोटार रोज चालवावी कीं नाहीं हा प्रश्न वरवर पाहतां खिशाचा वाटला, तरी अखेर तो आचाराचा प्रश्न आहे. आणि आचाराचे प्रश्न जसे सोडवावे लागतात तसाच, म्हणजे दोन्ही बाजूंचें म्हणणें नीट ऐकून, तो सोडविला पाहिजे.

येथें ज्या मोटारींचा विचार करावयाचा आहे त्या मिरवणुकींतल्या नव्हेत. संस्थानिकांच्या गाड्या चकचकीत करून वर्षांतून एकदां रस्त्यावर आणणें हा एक स्वतंत्र छंद आहे. त्याविषयीं तक्रार नाहीं, पण त्यांत नैतिक प्रश्न फारसा उद्भवत नाहीं. आपला प्रश्न आहे तो वीस-तीस वर्षांच्या साध्या गाडीचा. मुलांना शाळेंत सोडणारी, भाजी आणणारी, पावसाळ्यांत पुलाखालच्या पाण्यांतून वाट काढणारी आणि जिच्या मालकाला शेजारी दर वर्षीं "आतां बदला कीं!" असें सांगतात ती ही गाडी. हा शेजाऱ्याचा उपदेश बरोबर कीं मालकाचा हट्ट बरोबर?

आपल्या ओळखीचें उदाहरण मुंबईच्या पद्मिनीचें आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून, इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावरून बांधलेली '११०० डिलाइट' ही गाडी १९६४ सालीं बाहेर पडली. पुढें १९७४ पासून तिला चितोडच्या राणीचें नांव मिळालें. १०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन, स्टीअरिंगच्या खांबावर बसविलेला गिअरचा दांडा, आणि झांकण उघडतांच ज्याच्या सर्व भागांपर्यंत हात पोंचतो असा मोकळा इंजिनखाना, ही तिची ठेवण होती. २००१ च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईंत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कार्यालयांत झाली. आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सींतून कायमची वगळली गेली. त्या वेळीं वर्तमानपत्रांत पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. हळहळ व्यक्त करणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं स्वतः ती गाडी कधींच सोडली होती, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वस्तूविषयीं प्रेम वाटणें आणि वस्तूची निगा राखणें या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत, हें त्यावरून उघड होतें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुनी गाडी वर्षानुवर्षें चालविणें हा आपल्याकडील पूर्वींच्या पिढीचा मोठा सद्गुण होता असें सांगण्याची आतां पद्धत पडली आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. १९८३ च्या डिसेंबरांत मारुतीची लहान गाडी बाजारांत येईपर्यंत आपल्या देशांत नव्या गाडीसाठीं नांव नोंदवून वर्षें मोजावीं लागत. आहे ती गाडी मरूं न देणें एवढाच मार्ग मध्यमवर्गीय कुटुंबापुढें होता. क्यूबाची गोष्ट तर याहून ठळक आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर आणि १९६२ सालीं अमेरिकेनें घातलेल्या व्यापारबंदीनंतर तेथील अमेरिकन गाड्यांना मूळचे सुटे भाग मिळेनासे झाले. शिवाय २०११ पर्यंत क्रांतिपूर्व काळच्या गाड्यांचीच काय ती खरेदी-विक्री नागरिकांना आपापसांत मोकळेपणानें करतां येत असे. परिणामीं हवानाच्या रस्त्यांवर शेव्हरोलेच्या जुन्या सांगाड्यांत दुसऱ्याच देशाचीं डिझेल इंजिनें बसवून लोक वाहतूक करूं लागले. परदेशी प्रवासी त्यांचीं छायाचित्रें काढतात आणि त्यांत एक तऱ्हेचें काव्य पाहतात. चालविणाराला त्यांत काव्य दिसत असेलच असें नाहीं. उपासमार आणि उपवास यांत अन्न न घेण्याची क्रिया सारखीच असते. फरक असतो तो निवडीचा. ज्याला नवें घेणें शक्यच नव्हतें त्याच्या जुन्या गाडीबद्दल त्याचें कौशल्य वाखाणावें. त्याला विरक्त म्हणूं नये.

मग खरा प्रश्न आजच निर्माण झाला आहे, पूर्वीं तो नव्हताच. आज कर्ज सहज मिळतें, दुकानें गाडी दाराशीं आणून देतात, आणि जुनी गाडी मोडींत देणाराला सवलतीहि आहेत. अशा वेळीं ज्याला नवी घेतां येते तो जुनीच चालवितो, तेव्हां तो नेमकें काय करीत असतो?

तो काय करतो हें समजण्यासाठीं निगा या शब्दाचा अर्थ थोडा तपशिलांत पाहिला पाहिजे. इंजिनांत ठिणगी पाडणाऱ्या जुन्या व्यवस्थेंत दोन लहान पॉइंट एकमेकांपासून अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या कमी अंतरावर उघडावे लागतात. ते झिजतात, काळे पडतात, आणि अंतर बदललें कीं ठिणगीची वेळ चुकते. इंजिन अडखळतें, पेट्रोल जास्त खातें आणि अर्धवट जळलेला धूर सोडतें. कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत कचरा अडकला तर तोच परिणाम. टॅपेटचें अंतर वाढलें तर टकटक ऐकूं येते. कमी झालें तर कांहींच ऐकूं येत नाहीं, पण व्हॉल्व्ह जळतो. म्हणजे जुन्या गाडीच्या मालकाला आवाजाइतकेंच आवाज नसणेंहि ओळखावें लागतें. पावसाळ्याच्या आधीं तळाच्या पत्र्याला रंग, मोसमानंतर गंजाची पाहणी, ब्रेकांचें तेल, सांध्यांचें ग्रीसिंग, रेडिएटरचे नळ, असें हें न संपणारें काम आहे. यांतलें कोणतेंहि एक काम अवघड नाहीं. सगळ्यांची आठवण ठेवणें अवघड आहे. निगा म्हणजे पराक्रम नव्हे. निगा म्हणजे नियमितपणानें दिलेलें लक्ष. आणि लक्ष देणें ही मनुष्याजवळची अशी शक्ति आहे कीं जी पैशानें पुरती विकत घेतां येत नाहीं. मिस्त्रीला मजुरी देतां येते, पण गाडी कालच्यापेक्षां आज जड चालते आहे हें मिस्त्रीला सांगावयाचें तें मालकालाच.

या ठिकाणीं तत्त्वचिंतकांचा एक जुना वाद आपल्या उपयोगीं पडतो. पाली भाषेंतील 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथांत ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षु नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो कीं, तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे काय? आंस हा रथ काय, चाकें हा रथ काय, सांगाडा हा रथ काय? यांपैकीं कोणताहि भाग रथ नव्हे, आणि या भागांवेगळाहि रथ नाहीं. रथ हें या सर्वांच्या विशिष्ट जुळणीला दिलेलें नांव आहे. ग्रीकांतहि थीसियसच्या जहाजाची अशीच कथा प्लुटार्कनें नमूद केली आहे. फळ्या एकामागून एक बदलल्या तर जहाज तेंच राहिलें काय? त्यांत इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्स यानें १६५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आणखी एक पेंच घातला: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणीं जपून ठेवून त्यांचें पुन्हा जहाज बांधलें तर खरें जहाज कोणतें?

जुन्या मोटारीच्या बाबतींत हा वाद पुस्तकी राहत नाहीं. मुंबईच्या चोरबाजारांत मोडलेल्या गाड्यांचे भाग सुटे विकले जातात. एका गाडीचें दार, दुसरीचा गिअरबॉक्स आणि तिसरीचा दिवा मिळून चौथी गाडी रस्त्यावर राहते. सरकारनें या वादाचा आपल्यापुरता निकाल लावून टाकला आहे: नोंदणीपुस्तकांत चासीचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि इंजिन बदललें तर तशी परवानगी घेऊन नोंद करून घ्यावी लागते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें गाडीचें गाडीपण पत्र्यावर ठोकलेल्या अक्षरांत आहे. हें व्यवहाराला पुरेसें आहे. विचाराला पुरेसें नाहीं. इंजिन, रंग, गाद्या, नळ सर्व बदलूनहि मालक "ही वडिलांची गाडी" म्हणतो तेव्हां तो खोटें बोलत नाहीं. एक भाग बदलला जात असतांना बाकीचे भाग काम करीत राहिले, आणि प्रत्येक बदलाच्या वेळीं कोणीतरी हें टिकावें असें ठरविलें. त्या ठरविण्याची अखंडता हेंच त्या गाडीचें एकत्व होय. तेव्हां जुनी गाडी टिकते म्हणजे लोखंड टिकतें असें नव्हे. टिकतो तो एक संकल्प. ही गोष्ट मान्य केली कीं दोन अनुमानें निघतात. एक, वस्तूवरील आपली निष्ठा ही वस्तूच्या द्रव्यावर नसून तिच्याशीं जडलेल्या कर्तव्यावर आहे. दुसरें, त्या संकल्पाचें मूल्य काय हें त्याच्या परिणामांवरूनच ठरेल. केवळ तो जुना आहे म्हणून तो पवित्र ठरत नाहीं.

आतां शेजाऱ्याचा उपदेश पाहूं. "बदला" हा शब्द त्याच्या तोंडीं कोठून आला? हेन्री फोर्डनें १९०८ पासून १९२७ पर्यंत 'मॉडेल टी' या एकाच नमुन्याच्या दीड कोटींच्या वर गाड्या केल्या. ती गाडी शेतकऱ्यानें स्वतः दुरुस्त करावी अशा बेतानें केलेली होती. परंतु सर्वांजवळ गाडी झाल्यावर विकावयाचें कोणाला, हा प्रश्न उभा राहिला. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यानें त्याचें उत्तर शोधलें तें असें कीं दर वर्षीं गाडीचें रूप थोडें बदलावें, म्हणजे मागील वर्षाची गाडी चांगली चालत असूनहि मालकाच्या डोळ्यांना शिळी दिसूं लागते. त्याच कंपनीच्या संशोधनविभागाचा प्रमुख चार्ल्स केटरिंग यानें तर १९२९ सालीं एका नियतकालिकांत लेख लिहून गिऱ्हाइकाला असंतुष्ट ठेवणें हेंच उद्योगाचें काम असल्याचें उघड प्रतिपादन केलें. या विचारसरणींत वस्तूचें आयुष्य तिच्या झिजेवर अवलंबून राहत नाहीं, मालकाच्या लाजेवर अवलंबून राहतें. शेजारी सद्भावनेनें बोलतो हें खरें. परंतु त्याच्या मुखानें पुष्कळदां बाजार बोलत असतो. ज्या मनुष्याला आपली चालती गाडी केवळ जुनी दिसते म्हणून लाज वाटत नाहीं, त्यानें स्वातंत्र्याचा एक लहानसा भाग राखला आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्यानें द्यावयाची असेल तर तें स्वातंत्र्य राहत नाहीं. म्हणून आतां हिशेबाकडे वळलें पाहिजे. नवी गाडी घडवितांना पोलाद, ॲल्युमिनियम, कांच, रबर आणि तांबें लागतें, व तें वितळविण्यांत व घडविण्यांत पुष्कळ कोळसा व तेल जळतें. ती गाडी पहिला किलोमीटर धांवण्यापूर्वींच हा खर्च झालेला असतो. उलट नवी गाडी दर किलोमीटरला इंधन कमी जाळते. कोणता खर्च मोठा? समजा, नवी गाडी घडवितांना कारखान्यांतून सहा टन कर्बवायु हवेंत गेला. आणि समजा, जुनी गाडी लिटरला १० किलोमीटर व नवी १५ किलोमीटर जाते. लिटरभर पेट्रोल जळलें कीं सुमारें २·३ किलो कर्बवायु निघतो. वर्षाला ५,००० किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला जुन्या गाडीला ५०० लिटर लागेल, नवीला ३३३; फरक १६७ लिटरांचा, म्हणजे सुमारें ३८५ किलो कर्बवायूचा. या गतीनें नव्या गाडीचें घडणावळीचें ऋण फिटण्यास पंधरा वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तोंवर तीहि जुनी झालेली असेल. पण वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्या टॅक्सीचा हिशेब करा: फरक १,००० लिटरांचा, म्हणजे २·३ टनांचा, ऋण तीन वर्षांच्या आंत फिटतें. एकाच वयाच्या दोन गाड्या, एकीला ठेवणें योग्य आणि दुसरीला बदलणें योग्य! गृहीत धरलेले आंकडे थोडे इकडे-तिकडे केले तरी निष्कर्षाचें स्वरूप बदलत नाहीं. जुन्या गाडीचा दोष तिच्या वयांत नसून तिच्या धांवण्यांत आहे. आणि जो थोडें फिरतो त्यालाच जुनी गाडी राखण्याचा नैतिक अधिकार अधिक आहे.

हा झाला जगाचा हिशेब. गल्लीचा हिशेब यापेक्षां कडक आहे. कर्बवायु साऱ्या पृथ्वीवर पसरतो, परंतु अर्धवट जळलेल्या इंधनाचा विषारी धूर पदपथावरून जाणाऱ्या मुलाच्या छातींत जातो. आजच्या गाडींत संगणक दर क्षणाला हवा व इंधन यांचें प्रमाण राखतो आणि धुराड्याच्या वाटेंत बसविलेलें शोधक यंत्र विषारी वायूंचें बरेंच रूपांतर करतें. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडींत हें कांहीं नाहीं. ती उत्तम स्थितींत असली तरी नव्या गाडीच्या कित्येक पट दूषित वायु सोडते. त्याचप्रमाणें त्या काळच्या बहुतेक गाड्यांत टक्कर झाल्यास आघात शोषून घेणारी पुढील भागाची रचना नाहीं, हवेच्या पिशव्या नाहींत, आणि मागच्या आसनावर पट्टे नाहींत. स्वतःचा धोका मनुष्यानें पत्करावा. मागें बसलेल्या नातवाचा धोका पत्करण्याचा अधिकार त्याला कोणीं दिला? "वडिलांची गाडी" हें वाक्य हृदयस्पर्शी आहे, पण वडिलांनीं ती ज्या रस्त्यावर चालविली तो रस्ता आज राहिलेला नाहीं. येथें निष्ठा आणि मोह यांची सरहद्द लागते. वस्तूसाठीं आपण झिजणें ही निष्ठा. वस्तूसाठीं दुसऱ्यास झिजविणें हा मोह.

या सरहद्दीवर कायद्यानें वयाचा खांब रोंवला आहे. मुंबईंत टॅक्सीला वीस वर्षें. राजधानी दिल्लीच्या परिसरांत डिझेलच्या गाडीला दहा आणि पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षें, असा हरित न्यायाधिकरणाचा दंडक सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं कायम केला. पण २०२५ सालीं तोच प्रश्न पुन्हा त्या न्यायालयापुढें आला, यावरून तो दिसतो तितका सरळ नाहीं हें कळून येईल. आक्षेप उघड आहे. निगा राखलेली सोळा वर्षांची गाडी आणि हेळसांड झालेली सहा वर्षांची गाडी यांत दुसरी अधिक धूर ओकूं शकते. मग शिक्षा पहिलीला कां? याचें उत्तर कायदा मूर्ख आहे असें नव्हे. गाडीची प्रकृति तपासण्यास यंत्र, वेळ आणि प्रामाणिक तपासनीस लागतो. वय तपासण्यास केवळ कागद लागतो. प्रदूषणाचें प्रमाणपत्र कसें मिळतें हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाहीं. जेथें तपासणीवर विश्वास उरत नाहीं तेथें कायदा पंचांगाचा आश्रय घेतो. वयाची मर्यादा ही गाड्यांविषयींचा निर्णय नसून आपल्या सार्वजनिक प्रामाणिकपणाविषयींचा कबुलीजबाब आहे. निगा राखणाऱ्या मालकानें या कायद्यावर रागावण्यापूर्वीं हें ओळखावें कीं त्याची गाडी जर रस्त्यावरून काढली जाणार असेल तर ती खोटें प्रमाणपत्र घेणाऱ्या त्याच्याच बांधवांमुळें.

वयच अपराधी नाहीं याचा पुरावा मात्र मुंबईच्या टॅक्सींनींच दिला होता. या शतकाच्या आरंभाच्या वर्षांत, न्यायालयाच्या आदेशांच्या रेट्यामुळें, त्याच जुन्या पद्मिनी सी.एन.जी.वर चालूं लागल्या. सांगाडा तोच, इंधन निराळें. जुन्या वस्तूला नव्या काळाच्या अटी पाळावयास लावतां येतात, मात्र त्यासाठीं खर्च आणि बुद्धि खर्ची घालावी लागते. १ फेब्रुवारी २००० पासून देशांत शिसेविरहित पेट्रोलच मिळूं लागलें. जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका झिजूं न देण्याचें काम शिसें करीत असे. तें गेल्यावर कठीण धातूच्या बैठका बसविणें हें दक्ष मालकाचें कर्तव्य झालें. आतां पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल येऊं लागलें आहे; तें जुन्या रबराला मानवत नाहीं आणि पाणी ओढून घेतें, म्हणून नळ्या व सीलें बदलावीं लागतात. हें करण्याची ज्याची तयारी नाहीं त्यानें जुन्या गाडीचें कौतुक सांगूं नये. न बदलतां टिकून राहण्याचा आग्रह हा निगेचा भाग नव्हे. टिकण्यासाठीं काय बदलावें हें जाणणें म्हणजेच निगा.

दसऱ्याच्या दिवशीं आपल्याकडे मोटारींना झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात. ज्या साधनावर आपलें पोट चालतें त्याच्यापुढें मान लववावी ही भावना थोर आहे. परंतु पूजा वर्षांतून एक दिवस करावयाची असते आणि निगा उरलेल्या दिवसांची; पूजेनें कृतज्ञता व्यक्त होते, निगेनें ती सिद्ध होते. टायरांतील हवा महिनोन् महिने न पाहणारा मनुष्य बॉनेटवर नारळ फोडतो तेव्हां तो देवाकडून मिस्त्रीचें काम करून घेऊं पाहतो.

आणि मिस्त्रीचा उल्लेख आला म्हणून एक शेवटचा मुद्दा. जुन्या गाड्या रस्त्यावरून जातात तेव्हां त्यांच्याबरोबर एक विद्याहि जाते. पाना कानाला लावून त्याच्या टोंकानें इंजिनाचा ठाव घेणारा, हाताच्या तळव्यानें गाडीचा ताप ओळखणारा कारागीर शाळेंत तयार झाला नाहीं. तो गाड्यांनींच तयार केला. नव्या गाडीचें झांकण उघडलें तर आंत आणखी एक झांकण दिसतें, आणि दोष कोणता हें यंत्र लावल्यावांचून कळत नाहीं. याच बंदिस्त रचनेमुळें नवी गाडी अधिक स्वच्छ व अधिक भरंवशाची झाली आहे. तेव्हां ती उघडीच असावी असा हट्ट धरणें अप्रामाणिकपणाचें होईल. तथापि एवढी मागणी करतां येईल कीं, सुटे भाग, नकाशे आणि तपासणीचीं साधनें साध्या कारागिरालाहि उपलब्ध असावीं. जी वस्तु विकत घेऊनहि मला उघडण्याचा अधिकार नाहीं ती माझी कितपत, हा प्रश्न मोटारीपुरता राहिलेला नाहीं. आपल्या खिशांतल्या दूरध्वनीपर्यंत तो येऊन पोंचला आहे. ज्या समाजांत कोणालाच कांहीं दुरुस्त करतां येत नाहीं, त्या समाजांत प्रत्येक जण आपल्या घरांतील वस्तूंचा भाडेकरी होतो.

तर मग शेजाऱ्याला मालकानें उत्तर काय द्यावें? माझी गाडी थोडी फिरते. तिची प्रकृति मी प्रामाणिकपणें तपासून घेतों, कागदापुरती नव्हे. लांबच्या प्रवासाला आणि लहान मुलांना तींतून मी नेत नाहीं. आणि तिच्यामुळें एका कारागिराची विद्या जिवंत आहे. हीं चार वाक्यें ज्याला खरेपणानें म्हणतां येतील त्यानें जुनी गाडी खुशाल चालवावी; तो कंजूषहि नव्हे आणि छांदिष्टहि नव्हे. यांतलें एखादें वाक्य ज्याच्या घशांत अडकेल, त्यानें तें जेथें अडकलें तेथेंच आपल्या कर्तव्याचा शोध घ्यावा.

आणि असा दिवस येईल कीं हीं वाक्यें म्हणणें शक्य होणार नाहीं. तळाचा पत्रा डांबर लावूनहि धरणार नाहीं, ब्रेक विश्वास देणार नाहींत, मिस्त्रीहि नाहीं म्हणेल. पद्मिनी जातांना निदान एक तरी गाडी जतन करून ठेवावी अशी विनंति टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनें सरकारला केली होती; ती मान्य झाली नाहीं. ती मागणी योग्यच होती. परंतु जतन केलेल्या गाडीनें आठवण राहते, संवय राहत नाहीं. ज्यानें गाडीची निगा राखली तो तिला अंगणांत गंजत सोडून पावसाला तिचा निकाल लावूं देणार नाहीं. तिचें तेल तो नाल्यांत ओतणार नाहीं, तिची बॅटरी उकिरड्यावर टाकणार नाहीं. उपयोगी भाग दुसऱ्या गाडीसाठीं काढून ठेवून उरलेलें लोखंड रीतसर मोडींत देईल आणि नोंदणीपुस्तकांतून तिचें नांव कमी करून घेईल. हेंहि निगेचेंच काम आहे, तिचें शेवटचें काम. आणि तें करतांना त्याला वाईट वाटलें तर तें वाईट वाटणें त्याला शोभेल.